शीर्षकातला एकच शब्द रंगवायचाय? रँकिंगला धक्का न लावता असं करा

वेबसाइटच्या मुख्य शीर्षकातला एखादाच शब्द लाल किंवा मोठा हवाय? त्यासाठी शीर्षकाचे दोन तुकडे करू नका. एचटीएमएलमध्ये पूर्ण ओळ एकाच 'एच१' टॅगमध्ये ठेवा आणि तेवढ्या शब्दाला 'स्पॅन' टॅग लावा. स्पॅनला स्वतःचा अर्थ नसतो. रंग आणि आकार सीएसएस ठरवते. त्यामुळे गुगलसाठी शीर्षक सलगच राहते.

मात्र 'एच१'च्या आत 'एच२' किंवा 'डिव्ह' टाकणे एचटीएमएलच्या नियमात बसत नाही. शीर्षकात कीवर्ड लपवून कोंबले, तर गुगल त्याला स्पॅम मानते. अक्षरे लहान हवीत म्हणून 'एच३' वापरू नका. टॅग मजकुराची उतरंड सांगतो. स्क्रीन रीडर वापरणारे अनेक दृष्टिहीन वाचक त्याच आधारे पान चाळतात. उतरंड बिघडली, की त्यांची वाट चुकते.