कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी

बोअर करून, नवे पिस्टन आणि रिंगा घालून, हेडचं फेसिंग करून इंजिन गाडीत परत बसतं. सेल्फ मारल्यावर सुरूही होतं. मग ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर दम खाते, झटका मारते आणि नंतरच उचल घेते. कधी सिग्नलला उभी राहिली की बंद पडते, कधी चढावर मिसिंग मारते. जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन नव्यानं बांधून घेणाऱ्यांना हा टप्पा सहसा चुकत नाही. आणि अशा वेळी मालकाचा काय, मेकॅनिकचा काय, हात सगळ्यात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो.

तो तिथं सगळ्यात शेवटी जायला हवा.

पद्मिनी ही मुंबईची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून तयार होऊ लागली. ‘पद्मिनी’ हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयाची वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सीतळांवरून नाहीशी झाली. आता उरल्या आहेत त्या हौसेनं जपलेल्या खासगी गाड्या. बॉनेटखाली १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर एकच कार्बोरेटर. ना सेन्सर, ना संगणक. असं असूनही तो कार्बोरेटर दर क्षणी एक अवघड हिशेब सोडवत असतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानात पाहिलं तर एक लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा हे प्रमाण साडेबारा-तेराला एक इतकं घट्ट लागतं. सपाट रस्त्यावर रमतगमत जाताना पंधराच्या वर गेलं तरी चालतं. थंड इंजिन सुरू करताना मात्र पेट्रोल बरंच जास्त लागतं, कारण त्यातलं निम्मंअधिक वाफ न होता मॅनिफोल्डच्या भिंतींनाच चिकटून राहतं. चोक ओढायचा तो याच कारणासाठी.

हे प्रमाण साधतं ते एका अरुंद गळ्यामुळे. हवा निमुळत्या वाटेतून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. डॅनिएल बर्नुली यांनी वेग आणि दाबाचं हे नातं १७३८ मध्ये मांडलं. जोवान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने अरुंद नळीतल्या प्रवाहावरचं आपलं काम १७९७ मध्ये प्रसिद्ध केलं. आणि १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी जेटमधून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर घडवला. फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, गळ्यात तो कमी असतो. या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं. इंजिन पेट्रोल ‘ओढतं’ असं आपण म्हणतो खरं, पण ढकलणारी असते ती बाहेरची हवा.

एवढ्यानं भागलं असतं तर कार्बोरेटर ही एक नळी आणि एक भोक इतकीच वस्तू राहिली असती. अडचण अशी, की हवेचा प्रवाह वाढत जातो तसं साधं जेट गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देऊ लागतं. म्हणून मुख्य जेटच्या जोडीला बारीक भोकांची नळी आणि एअर जेट लागतं. त्यातून आधीच थोडी हवा पेट्रोलमध्ये मिसळते. इंजिन आयडलिंगला असताना गळ्यातून हवा जेमतेमच जाते, मुख्य जेट गप्प असतं. त्या वेळी थ्रॉटलच्या झडपेजवळच्या बारीक भोकातून स्लो जेटचं वेगळं पेट्रोल येतं. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की हलकी हवा तत्काळ धावते, जड पेट्रोल मागे राहतं. ती उणीव छोट्या पंपाची पिचकारी भरून काढते. म्हणजे एका कवचाखाली तीन-चार कार्बोरेटर नांदतात, आणि गाडी कधी बिघडते यावरून त्यातला कोणता रुसला आहे ते कळतं. आयडलिंगला बंद पडते पण वेगात छान पळते, तर स्लो जेट. दाबताच दम खाते, तर पंप. वेगात, चढावर मिसिंग मारते, तर मुख्य जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा.

पण हे निदान खरं ठरतं ते बाकीचं इंजिन धड असेल तरच. नव्यानं बांधलेल्या इंजिनाची मेख इथं आहे. त्यात एकाच वेळी पन्नास गोष्टी हललेल्या असतात. टॅपेट घट्ट राहिलं तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टायमिंग चेन एक दात इकडेतिकडे बसली तर इंजिन चालतं, पण जीव नसल्यासारखं. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी हवी. ती बदलली की ठिणगीची वेळही बदलते. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाऐवजी भलत्याच क्रमाने लावल्या जाण्याचे प्रकारही होतात. यातल्या कशानेही होणारा त्रास कार्बोरेटरच्या बिघाडासारखाच दिसतो. म्हणून क्रम पाळायचा: आधी कॉम्प्रेशन, मग टॅपेट, मग पॉइंट आणि टायमिंग, मग पेट्रोलची वाट, आणि त्यानंतर कार्बोरेटर.

या कामात सर्वांत उपयोगी साधन म्हणजे मॅनिफोल्डला जोडायचा व्हॅक्यूम गेज. गॅरेजमध्ये तो क्वचितच दिसतो, ही खेदाची गोष्ट आहे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर राहतो. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावात दोनेक इंच कमी. काटा स्थिर पण खालीच असेल तर टायमिंग उशिरा आहे किंवा कुठून तरी हवा घुसते आहे. ठरावीक तालात झटका खाऊन पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. संथपणे वरखाली तरंगत असेल, तर मिश्रणाकडे वळायला हरकत नाही.

हवा घुसणं हा नव्या इंजिनाचा नेहमीचा रोग. मेकॅनिक म्हणतात, ‘एअर घेतंय.’ पॅकिंग नवं असतं, पण कार्बोरेटरचा पाया वाकलेला असतो. वर्षानुवर्षं नट आवळून आवळून जस्ताच्या मिश्रधातूचं ते मऊ ओतकाम कमानीसारखं होतं. सरळ पट्टी लावून उजेडासमोर धरलं की फट दिसते. थ्रॉटलच्या दांड्याभोवतीची भोकंही झिजून मोठी होतात. अशी गळती असताना मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवला तरी आयडलिंग टिकत नाही. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्यात आगीचा धोका आहे, ती सोडून द्यावी. सांध्यावर साबणाचं पाणी सोडून इंजिनाच्या आवाजातला फरक ऐकावा.

कार्बोरेटर उघडल्यावर पहिलं लक्ष फ्लोटकडे. जुने फ्लोट पितळेचे, पोकळ. कानाशी धरून हलवला आणि आत पेट्रोल खळखळलं, तर त्याला छिद्र आहे. गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात. डाग देऊन तो बुजवता येतो, पण डागामुळे वजन वाढतं, फ्लोट थोडा खोल बुडतो आणि वाटीतली पेट्रोलची पातळी वर चढते. गाडी ओव्हरफ्लो करते, प्लग काळे पडतात. वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या टोकावर झिजून कडं पडलं असेल तरी तेच होतं.

जेट साफ करताना त्यात तार घालण्याची सवय फार नुकसानीची. जेटवरचा १२० हा आकडा म्हणजे १.२० मिलिमीटर व्यास. तो १.२५ झाला तर फरक केवळ पाच शतांश मिलिमीटरचा. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणून ते साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तारेच्या दोन-चार घासण्यांनी पितळ तेवढं सहज झिजतं. जेट द्रावणात भिजवून कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकावं.

साडेआठ टक्के ही संख्या आज एका वेगळ्याच कारणाने महत्त्वाची ठरली आहे. २०२५ पर्यंत देशभरात पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल रूढ झालं. महाराष्ट्रातल्या उसाचा त्यात मोठा वाटा आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून एक किलो इथेनॉलला फक्त नऊ किलो हवा लागते. मिश्रणाचा हिशेब केला तर १४.७ चा आकडा साडेतेरावर येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी अचूक लावलेला कार्बोरेटर ई-२० वर सुमारे आठ टक्के पातळ मिश्रण देतो. आधुनिक गाडीतला सेन्सर हा फरक ओळखून भरून काढतो. पद्मिनीला तो कळत नाही. दाबताच दम खाणं, आयडलिंगला डळमळणं, कार्बोरेटरमधून मागे फटफटणं, पांढुरके प्लग ही सगळी त्या पातळपणाची लक्षणं आहेत. कागदावर १२० च्या जागी १२५ चं जेट हा फरक जवळजवळ नेमका भरून काढतं.

गंमत अशी की घाट चढला की उलटं घडतं. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्क्यांनी कमी असते. हवेचं वजन घनतेच्या प्रमाणात घटतं, पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे मिश्रण सहा-सात टक्के घट्ट होतं. मुंबईत ई-२० वर कुरकुरणारी गाडी वाई ओलांडून पसरणीचा घाट चढल्यावर अचानक सुधारली, तर त्यात नवल नाही. मालकानं मात्र तिथं स्क्रूला हात लावू नये.

इथेनॉलचा दुसरा त्रास रबराला होतो. जुने पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा मऊ पडतो, फुगतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं, आणि महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतला गंज सुटा करून कार्बोरेटरपर्यंत आणतं. इंजिनावर हजारो रुपये खर्च करून टाकी तशीच ठेवणं यासारखी चूक नाही.

प्रत्यक्ष ट्युनिंग त्यामानानं सोपं. इंजिन पूर्ण गरम करायचं. मिक्श्चर स्क्रू अलगद आत टेकवायचा, आवळायचा नाही, नाहीतर त्याची बैठक कायमची खराब होते. तिथून साधारण दीड फेरा बाहेर काढून सुरुवात करायची आणि पाव-पाव फेऱ्यानं व्हॅक्यूम सर्वाधिक कुठे येतो ते शोधायचं. मग आयडलिंगचा स्क्रू सैल करून वेग खाली आणायचा आणि मिश्रण पुन्हा तपासायचं. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडायचा नाही. नव्या रिंगा अजून घट्ट असतात, त्यामुळे सुरुवातीला आयडलिंग किंचित वर ठेवावं आणि हजारेक किलोमीटरनंतर सगळं पुन्हा लावावं.

शेवटी गाडी पीयूसी केंद्रावर न्यावी. या पिढीच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. सर्टिफिकेट घेऊन निघून न जाता त्यावरचे आकडे वाचावेत. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण घट्ट. तो कमी आणि हायड्रोकार्बन भरपूर, म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आहे: एक तर मिश्रण फार पातळ, नाहीतर ठिणगी चुकते आहे.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्यांनी एक वही करावी. जेटांचे क्रमांक, स्क्रूचे फेरे, टायमिंग, व्हॅक्यूम आणि पीयूसीचे आकडे तारीख घालून त्यात लिहावेत, आणि गाडी गॅरेजला देताना वहीही सोबत द्यावी.