बाटलीत न मिळणारे आयोडाइड

तांब्याची फ्लोराइड, क्लोराइड आणि ब्रोमाइड ही तिन्ही क्युप्रिक संयुगे रसायनांच्या दुकानात विकत मिळतात. पहिले पांढरे, दुसऱ्याचे स्फटिक निळसर हिरवे, तिसरे काळे. याच ओळीतले चौथे, क्युप्रिक आयोडाइड, मात्र कुठल्याच बाटलीत सापडत नाही. तांब्याचा एक अणू आणि आयोडीनचे दोन, एवढे साधे त्याचे सूत्र. पण ते करून ठेवता येत नाही.

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड घातले की निळा रंग जातो, द्रावण तपकिरी होते आणि तळाशी फिकट साका बसतो. तपकिरी रंग मोकळ्या झालेल्या आयोडीनचा, साका क्युप्रस आयोडाइडचा. दोन धनप्रभारांच्या तांब्याने आयोडाइडकडून एक इलेक्ट्रॉन घेतलेला असतो आणि त्याचा एक प्रभार कमी झालेला असतो. फ्लोराइडची इलेक्ट्रॉनवरची पकड घट्ट असते. क्लोराइड, ब्रोमाइड असे खाली यावे तशी ती सैल होते. क्युप्रिक ब्रोमाइड तापवल्यावर फुटते. आयोडाइडला तापवावेही लागत नाही.

तरीही एक कोडे उरते. क्युप्रिकचे क्युप्रस होण्याचा प्रमाण विभव सुमारे ०.१५ व्होल्ट, आयोडीनचा ०.५४. या हिशेबाने तांब्याला आयोडाइडचा इलेक्ट्रॉन मिळायलाच नको. उत्तर त्या साक्यात आहे. क्युप्रस आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तयार झालेला क्युप्रस आयन लगेच घनरूपात बाहेर पडतो. उलट्या अभिक्रियेसाठी तो द्रावणात उरत नाही. हे धरले की तांब्याचा विभव सुमारे ०.८६ व्होल्टपर्यंत चढतो आणि पारडे फिरते.

याच अस्थिरतेवर एक भरवशाची मापनपद्धत उभी आहे. मोकळे झालेले आयोडीन हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने मोजायचे आणि स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचे. तांब्याच्या एका आयनामागे थायोसल्फेटचा एक आयन लागतो. पितळेत तांबे किती, हे रसायनशास्त्राचे विद्यार्थी असेच काढतात.

मग क्युप्रिक तांबे आणि आयोडाइड एकत्र नांदतच नाहीत का? नांदतात. इथिलीनडायअमाइनचे दोन रेणू आपल्या चार नायट्रोजन अणूंनी तांब्याला वेढतात, तेव्हा त्याचे क्युप्रिक रूप इतके स्थिर होते की इलेक्ट्रॉनची ओढ मंदावते. असा आयोडाइड क्षार स्फटिकरूपात हाती येतो.

दुसऱ्या टोकाला क्युप्रस फ्लोराइड आहे. तेही शुद्ध घनरूपात साठवता येत नाही. धातुरूप तांबे आणि क्युप्रिक फ्लोराइड यांची जोडी त्याच्यापेक्षा अधिक स्थिर असते. लहान फ्लोराइडला दोन प्रभारांचे तांबे मानवते, मोठ्या आयोडाइडला एका प्रभाराचे.

म्हणून एखादे संयुग अस्थिर आहे असे वाचले की पुढचा प्रश्न विचारावा: कशाच्या तुलनेत आणि कोणाच्या सोबतीत? क्युप्रिक आयोडाइडच्या सूत्रात काही चूक नाही. त्याच अणूंना कमी ऊर्जेची दुसरी मांडणी उपलब्ध आहे. रसायनशास्त्र शिकवताना सूत्रे जुळवण्याइतकाच वेळ या तुलनेला मिळायला हवा.