कळ दाबल्यापासून ‘क’ उमटेपर्यंत

इन्स्क्रिप्ट पद्धतीत ‘क’ उमटवण्यासाठी आपण इंग्रजी ‘के’ची कळ दाबतो. जुन्या पीएस/२ कळफलकाच्या ड्रायव्हरला मात्र अक्षर दिसतच नाही. त्याला कळ दाबताना ३७ आणि सोडताना १६५ एवढेच आकडे मिळतात. लिपी वरच्या थरात ठरते, म्हणून मराठीसाठी निराळा ड्रायव्हर लागत नाही. ही व्यवस्था आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

माऊसचे काम अधिक नाजूक. त्याचा मूळ संदेश तीन बाइटांचा. एक बाइट हरवला, की पुढचे सारे अर्थ सरकतात आणि बाण पडद्यावर सैरावैरा धावतो. पहिल्या बाइटातील उजवीकडून चौथा बिट नेहमी १ असतो. ड्रायव्हर तो तपासून क्रम सावरतो. कर्नेलमध्ये निष्काळजीपणा चालत नाही. तिथला एक चुकीचा पॉइंटर संपूर्ण यंत्र बंद पाडू शकतो. लिनक्समधील हे लेखन कोणत्याही विद्यार्थ्याला विनाशुल्क वाचता येते.