जुन्या शाळागृहाचा इतिहास



गावातील जुने दगडी शाळागृह पाडण्यापूर्वी त्याचा इतिहास लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. सरकारी दप्तर बहुधा उर्दूत असे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले व १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. जालना जिल्हा मात्र १ मे १९८१ रोजी झाला. म्हणून त्यापूर्वीचे कागद अंबडसाठी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व परतूरसाठी परभणीच्या दप्तरात शोधावेत.

कोनशिलेवर वा दाखल-खारिज वहीत फसली सन असल्यास गोंधळू नये. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. साधारणपणे वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी ५९० व पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवावेत. फसली १३५७ म्हणजे इ. स. १९४७-४८.

२०२३ मध्ये मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांच्या वह्याही पाहिल्या गेल्या. कित्येक कुटुंबांचा पुरावा तेवढाच असतो. यास्तव इमारत पाडण्याआधी वह्या कोरड्या जागी हलवाव्यात, कोनशिला जपून काढावी आणि वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी टिपून घ्याव्यात.