पेनल्टी बॉक्समध्ये मिठ्या मारतात, तरी दरवेळी फाऊल का देत नाहीत?

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या माणसाला अंगाला अंग भिडणं नवं नाही. जत्रेतल्या फडात पैलवान पट काढतात, कबड्डीत चढाईवर आलेल्याला घोट्याला, कमरेला धरून लोळवतात. तिथं धरणं हाच खेळ. हाच माणूस फुटबॉल बघायला बसला, की कॉर्नरवरची झोंबाझोंबी बघून विचारतो, हा फाऊल नाही तर काय?

फुटबॉलच्या नियमावलीत फाऊलचा नियम १२ वा. धरण्याच्या फाऊलची तिथली कसोटी सोपी आहे : अंगाला किंवा जर्सीला धरल्यामुळे समोरच्याची हालचाल अडली का? नुसता पाठीवर हात ठेवला आणि तो हवा तसा पळाला, तर फाऊल नाही. जर्सी दोन बोटांनीच धरली, पण त्यामुळे उडी मारता आली नाही, तर फाऊल. ताकद किती लावली हा मुद्दा नंतरचा. बॉल जवळ असताना खांद्याला खांदा लावून झुंजणं तर नियमातच बसतं, फक्त ते बेफिकीर किंवा अतिरेकी नको.

खरी गंमत कॉर्नरची. बॉल खेळात येण्याआधी कितीही ओढाओढ झाली तरी पेनल्टी मिळत नाही. म्हणून रेफरी शिट्टी वाजवून कॉर्नर थांबवतो, दोघांना ताकीद देतो. तरी नाही ऐकलं तर यलो कार्ड. किक बसल्यावर तेच केलं तर मात्र पेनल्टी.

आता अडचण अशी, की दोघंही एकमेकांना धरून असतात. कुणामुळे कोण अडलं हे सांगता येत नसेल, तर रेफरी सहसा खेळ चालू ठेवतो. यावरूनच सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि ती पूर्णपणे चुकीची नाहीत. २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये ट्युनिशियाविरुद्ध हॅरी केनला बॉक्समध्ये पाडलं, तरी काहीच मिळालं नाही. व्हीएआर असूनही. सहाच दिवसांनी पनामाविरुद्ध कॉर्नरवर त्याला तसंच धरलं आणि पेनल्टी दिली गेली. नियम तोच, नजर वेगळी.

उघडी उदाहरणंही आहेत. २०२२ च्या फायनलमध्ये गोलकडे निघालेल्या कोलो मुआनीला ओटामेंडीने बॉक्समध्ये मागून ओढून पाडलं. पेनल्टी मिळाली, एम्बाप्पेने गोल केला आणि मरगळलेला फ्रान्स सामन्यात परतला. ११ जुलै २०२१ ला वेम्बलीवर इटलीच्या कियेलिनीने इंग्लंडच्या साकाची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. तो फोटो मीम म्हणून आजही फिरतो. कियेलिनीला यलोच मिळालं, कारण गोल बराच लांब होता. गोलची हमखास संधी ओढून हिरावली असती, तर रेड.

आणखी एक, जे भल्याभल्यांना माहीत नसतं. बॉक्सच्या बाहेर धरायला सुरुवात केली आणि आत येईपर्यंत सोडलं नाही, तर पेनल्टीच.

कोल्हापुरात हा गोंधळ आणखी रंगतो. तिथल्या फुटबॉल संघांची नावंच पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी. शाहू स्टेडियमवर तालमीचं नाव छातीवर लावून उतरलेल्या पोरांना रेफरी सांगतो, हात खाली घ्या.