चार ओळींची संकेतपुस्तिका

तारसेवा चालू होती तेव्हा शुभेच्छांच्या तारेसाठी तारऑफिसात एक छापील यादी असे. प्रत्येक प्रसंगासाठी ठरलेले वाक्य आणि त्याचा क्रमांक. तारेतून फक्त क्रमांक जाई आणि पलीकडे आपल्या यादीतून पाहून पूर्ण वाक्य लिहिले जाई. ही सेवा २०१३ साली बंद झाली. मोबाईल फोन आणि मनोरा यांच्यात मात्र हीच युक्ती अखंड वापरली जाते. तिला कोडबुक म्हणजे संकेतपुस्तिका म्हणतात. नावात गुप्तहेरगिरीचा भास आहे, पण गुप्त असे त्यात काहीच नाही.

मनोऱ्यावर दोन अँटेना आहेत आणि दोन्हींतून एकच लहर निघते असे समजू. फोनपर्यंत पोचताना दोन्हींचे मार्ग सारखे नसतात. उंचवट्यावर उंचवटा आला तर लहर दुप्पट उंच होते व शक्ती चौपट होते. उंचवट्यावर खोलगट भाग आला तर दोन्ही लहरी एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून मनोऱ्याने दुसरी लहर मुद्दाम थोडी सरकवून सोडायला हवी. किती? ते फोनलाच मोजता येते. जाण्याची व येण्याची वारंवारता वेगवेगळी असेल, तर मनोऱ्याला ते परस्पर कळत नाही. अचूक कोन कळवायचा तर बिट फार लागतात. शिवाय १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर. फोन अर्धी वीत हलला की उत्तर शिळे!

म्हणून ४जीच्या प्रमाणकात दोन अँटेनांसाठी, एकच प्रवाह पाठवायचा असता, चारच ओळींची यादी आहे: ०, ९०, १८० आणि २७० अंश. फोन क्रमांक कळवतो; दोन बिटांत काम होते.

एवढ्याने भागते का? फळ्यावर वर्तुळ काढून त्यावर हे चार बिंदू मांडा. सर्वांत दुर्दैवी फोन दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये, म्हणजे ४५ अंश दूर असेल. दोन्ही लहरी सारख्याच जोरदार असतील, तर मिळणारी शक्ती कमाल शक्तीच्या किती पट, हे चुकीच्या निम्म्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग करून मिळते. येथे ती ८५ टक्के येते. दोनच ओळी ठेवल्या तर ५० टक्के, आठ ठेवल्या तर ९६. तिसऱ्या बिटाने फारसे हाती लागत नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतः काढू द्यावे.

आता तेच चार बिंदू ०, ३०, ६०, ९० असे मांडून पाहा. २२५ अंश हव्या असलेल्या फोनला जेमतेम १५ टक्के शक्ती मिळेल. बिट तितकेच खर्च झाले, पण काही फोनांवर कायमचा अन्याय झाला. बिंदू एकमेकांपासून होईल तितके दूर ठेवणे, हेच संकेतपुस्तिका रचण्याचे मूळ सूत्र आहे.

चार अँटेना आल्या की एका वर्तुळाने भागत नाही. ४जीमध्ये त्यासाठी १६ ओळी आहेत. ५जीमध्ये तर ३२ अँटेना-द्वारांपर्यंतच्या याद्या आहेत. तेथे अँटेना ओळीने जवळजवळ बसवलेल्या असल्याने मार्गांतील फरकही बहुधा समान पायऱ्यांनी वाढत जातो. मग यादीत सुटे कोन न लिहिता दिशा लिहिता येतात. नवी यादी निघाली तरी जुना फोन आपली जुनीच वाचतो, त्यामुळे मनोऱ्याला दोन्ही जवळ बाळगाव्या लागतात.