ई-मेलच्या साठवणुकीचे नियोजन व अंदाजपत्रक

धान्य खळ्यावरून घरी येण्यापूर्वी कणगी लिंपून तयार ठेवावी, हे कोणाही शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. परंतु आज आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कार्यालयांत मालाच्या बरोबरीने आणखी एक पीक रोज येऊन पडत आहे. ते म्हणजे ई-मेलने येणारी मागणीपत्रे, बिले, तपासणी अहवाल व छायाचित्रे. याच्या साठवणुकीचा विचार मात्र जागा भरल्यावरच होतो.

याचा परिणाम काय होतो, हे प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिले आहे. गेल्या हळदीच्या हंगामात आमच्या कार्यक्षेत्रातील एका कंपनीने दोन ट्रक माल प्रतवारी करून ठेवला होता. खरेदीदाराने माल भरण्याची तारीख ई-मेलने कळविली. परंतु कंपनीची पेटी भरलेली असल्याने तो मेल परत गेला. चार दिवस वाट पाहून त्याने दुसरीकडे माल घेतला. पुढे दर उतरला व सभासदांना उतरलेल्या दराने माल विकावा लागला. चौकशी करता असे आढळले की, कंपनीचे खाते व्यवस्थापकाच्या मोबाइलला जोडलेले होते आणि त्यांच्या घरच्या लग्नाची छायाचित्रे व चित्रफिती यांनीच बहुतेक जागा व्यापली होती.

जागा कशी भरते ?

सर्वपरिचित जीमेलच्या मोफत खात्यास १५ जीबी जागा मिळत आली आहे. ही जागा केवळ मेलसाठी नसून ड्राइव्हमधील फाइली व फोटो यांसाठीही तीच असते. १ जून २०२१ पासून मोबाइलवरून चढविलेले बहुतेक सर्व फोटोही तीत मोजले जातात. पुसलेले मेल कचरापेटीत ३० दिवस राहतात व तोवर जागा अडवितात. शिवाय मेलला जोडलेली फाइल पाठविताना तिचा आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो; म्हणजे दीड एमबीची फाइल दोन एमबी जागा घेते.

आपली गरज कशी मोजावी ?

अंदाज बांधण्यासाठी भर हंगामातील एक आठवडा व एरवीचा एक आठवडा येणाऱ्या-जाणाऱ्या मेलची नोंद ठेवावी. उदाहरणार्थ, एखाद्या कंपनीत सरासरी रोज ४० मेल होतात असे समजू. त्यांपैकी ३० साधे, प्रत्येकी ५० केबीचे, म्हणजे दीड एमबी. आणि १० फाइल जोडलेले, प्रत्येकी २ एमबीचे, म्हणजे २० एमबी. रोजची भर साडेएकवीस एमबी झाली. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरल्यास ही भर सुमारे साडेसहा जीबी होते. म्हणजेच १५ जीबीची पेटी, दुसरे काहीही न ठेवता, सव्वादोन वर्षांच्या थोडे पुढे भरते.

काय ठेवावे, काय टाकावे ?

सर्वच मेल जपण्याचे कारण नाही. कंपनी कायदा, २०१३ अन्वये हिशेबाची पुस्तके व त्यांस आधारभूत कागद ८ आर्थिक वर्षे जतन करावे लागतात. वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने राखावे लागतात. बिले, करार, मागणीपत्रे व बँकेची पत्रे या वर्गात येतात. यास बियाण्याप्रमाणे जपावे. मालाची छायाचित्रे व दरपत्रके व्यवहार पुरा होऊन तक्रारीची मुदत संपेपर्यंत ठेवावीत. जाहिराती व दुबार आलेल्या फाइली हे तण होय. ते दर शनिवारी काढावे व कचरापेटीही रिकामी करावी.

अंदाजपत्रक

पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्यक्ष दर चौकशी करून भरावेत.

१. विकत घेतलेली जागा : ३ खाती, दरमहा प्रत्येकी १५० रुपये, १२ महिने — ५,४०० रुपये.
२. त्यावर १८ टक्के कर — ९७२ रुपये.
३. प्रत्येकी ५,००० रुपयांच्या दोन हार्ड डिस्क, ४ वर्षे टिकतील असे धरून वार्षिक भार — २,५०० रुपये.
४. दरवाढीसाठी सुमारे १० टक्के राखीव — ८८७ रुपये.
एकूण — ९,७५९ रुपये.

हा खर्च काहींस अनावश्यक वाटेल. परंतु एका फसलेल्या सौद्यात होणारा तोटा याच्याशी ताडून पाहावा. ज्या कंपनीचा व्यवहार अल्प आहे, तिने मोफत खात्यावरच काम चालविण्यास हरकत नाही. मात्र ते खाते फक्त कंपनीच्या कामाचे असावे व वरील साप्ताहिक निंदणी चुकू नये.

चार खबरदाऱ्या

पहिली, खाते कोणा व्यक्तीच्या नावे नसून कंपनीच्या नावे असावे. व्यवस्थापक नोकरी सोडून गेला म्हणजे कोठाराची किल्लीही त्याच्याबरोबर जाते, असे होता कामा नये. पासवर्ड बदलण्याचा अधिकार संचालक मंडळाने नेमलेल्या दोघांकडे असावा. दुसरी, मार्चअखेर जतन करावयाचे मेल दोन्ही डिस्कवर उतरवावेत. एक कार्यालयात व दुसरी अन्यत्र ठेवावी. उतरविलेल्या फाइली उघडतात याची खात्री केल्याखेरीज मूळ मेल पुसू नयेत. तिसरी, पेटी तीनचतुर्थांश भरताच ती बाब मासिक सभेपुढे यावी. चौथी, हंगाम सुरू होण्यापूर्वी निदान चौथा हिस्सा जागा मोकळी करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील भेटीत कंपनीचे गोदाम पाहताना तिच्या ई-मेलच्या पेटीत किती जागा शिल्लक आहे, हेही आवर्जून विचारावे व ते आपल्या दैनंदिनीत नोंदवावे. या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत. पण सभासदांच्या वर्षाच्या कष्टांचे मोल त्यामुळे वाचू शकते.